पोळ्याआधी सागरपार

जयपूरच्या मराठी बायकांना पोहायला मी शिकवलं. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगते, कारण हळू सांगितलं की लोक विचारतात, "जयपूरला? तिथे पाणी कुठलं?" राजस्थान म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे उंट उभा राहतो, दुसरं काही दिसतच नाही. आमच्या वेळी पाऊस बरा झाला की आमेरच्या मागचा तलाव, त्याला सागरच म्हणतात, काठोकाठ भरायचा. रामगढच्या धरणाचा पलीकडचा काठ तर धूसर दिसायचा. थंडीत त्या पाण्यावर कुठून कुठून बदकं येऊन उतरायची. पाणी भरपूर होतं. पाण्यात उतरणाऱ्या बायका नव्हत्या, त्या मी तयार केल्या.

मी मालवणची. वडिलांच्या दोन होड्या होत्या आणि घरात सगळ्यांच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास. लग्न झालं ते केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातल्या माणसाशी, आणि पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांनी आमची बदली जयपूरला झाली. आदर्श नगरात भाड्याचं घर मिळालं. घर चांगलं होतं, शेजार चांगला होता, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिवसभर कुणावर तरी खेकसत असायची. शेवटी पाऊस संपता संपता एका रविवारी ह्यांनी मला टांग्यात घातलं, जोरावरसिंह दरवाज्याशी आमेरची बस धरली आणि गावामागच्या टेकड्यांतून चालवत सागरावर नेऊन उभं केलं. "हे घे तुझं पाणी," म्हणाले, "आता तरी भांडी आपटू नकोस." मी लुगड्याचा कासोटा आवळला आणि तिथल्या तिथे उतरले. ह्यांनी इकडे तिकडे बघून घेतलं, कुणी ओळखीचं नव्हतं. बघायला ओळखीचं कुणी नव्हतं, याचं मला नंतर जरा वाईटच वाटलं.

त्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी ही गोष्ट काढली. आमचं मराठी मंडळ म्हणजे सगळा बदलीचा माल. कुणाचे यजमान बँकेत, कुणाचे विमा कंपनीत, काही छावणीतल्या फौजींच्या घरच्या. कोल्हापूरची कोल्हापुरी बोलायची, खानदेशची खानदेशी, आणि पोरं सगळ्यांची "मम्मी, मतलब काय" करत हिंडायची. पुढच्या रविवारी माझ्याबरोबर कोण येतं, असं विचारलं तर सगळ्या तिळगुळाच्या वाटीत बघायला लागल्या. आल्या शेवटी तिघी. वर्षभरात त्यांची टोळी झाली, आणि मग ऋतूप्रमाणे आमचं वेळापत्रकच ठरून गेलं.

पावसाळ्यात टेकड्या चढायच्या. आमेरच्या वरच्या तटाच्या कडेकडेने चालत जायचं, घसरायला होतं म्हणून एकीने दुसरीचा पदर धरायचा नाही, हा माझा दंडक. धरायचं असेल तर मनगट धरा, पदर धरलात तर दोघी पडाल. दसरा झाला की पाणी निवळायचं, तेव्हा सागरात पोहणं. थंडीत रामगढला ट्रक करून जायचं, होडी वल्हवायला शिकायचं, काठावर तीन दगड मांडून वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी करायची, आणि पक्षी बघायचे. उन्हाळ्यात सागर आटून मध्ये डबकं उरायचं. तेव्हा आमेरजवळच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर पहाटे पहाटे नवशिक्या बायकांना उतरवायची. ती विहीर पायऱ्यांची होती आणि शेतकऱ्याची आई कमरेवर हात ठेवून वरून आमची मजा बघत बसायची.

माझी पद्धत सरळ होती. आमच्याकडे पोरांना पाठीवर वाळका भोपळा बांधून पाण्यात सोडतात, तसंच मी या अधिकाऱ्यांच्या बायकांना सोडलं. साधूलोकांना कमंडलूसाठी तुंबे विकणारा एक म्हातारा रामगंज बाजारात बसायचा, त्याच्याकडून भोपळे आणले. गोल पातळ नेसून पाण्यात यायचं नाही, नऊवारी नेसायचं आणि कासोटा घट्ट मारायचा. तरुण मुली गोल साडीवर आलेल्या, त्यांना नऊवारी नेसताच येईना. मग आधी नेसायला शिकवलं आणि मग पोहायला. सोनं अंगावर ठेवायचं नाही. मंगळसूत्र काढणार नाही म्हणाल्या, तर म्हटलं काढू नका, पण चोळीच्या आत खोचा. माझं तोंड फटकळ, हे तेव्हाही सगळ्या म्हणायच्या. पण एकीच्याही नाकातोंडात धड पाणी गेलं नाही, हेही त्यांनाच विचारा.

मोठ्या वहिनी आल्या त्या तपासायला. त्यांचे यजमान म्हणजे ह्यांचे वरचे साहेब, नवरा-बायको दोघंही नागपूरचे. हाताखालच्या माणसाची बायको इतरांच्या बायकांना तळ्यात उतरवते, हे त्यांच्या कानावर गेलं. एका रविवारी छत्री घेऊन, घामाघूम होत, त्या आमच्याबरोबर टेकडी ओलांडून आल्या. पन्नाशी उलटलेली, देह भारी, आवाज त्याहून भारी. काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय करून राहिली गं तू या पोरींना घेऊन?" मी म्हटलं, "बघा की." संध्याकाळपर्यंत बघितलं. पुढच्या रविवारी परत आल्या. त्यानंतर त्यांचा एक रविवार चुकला नाही.

पण पाण्याला त्यांनी कधी पाय लावला नाही. आमच्या कोरड्या साड्यांची गाठोडी, सोन्याच्या पुरचुंड्या, डबे, सगळं त्यांच्या ताब्यात असायचं, आणि माकडं आली की छत्री उगारायच्या. ज्यांना चांगलं पोहता यायचं त्या आम्ही सागराच्या एका अरुंद बाजूने पलीकडे जायचो. तिथे पाण्याला लागून दगडी पायऱ्या आणि वर घुमटीसारखी एक छोटी दगडी छत्री होती. तिथे बसून केस पिळायचे, गप्पा मारायच्या आणि परत यायचं. शिंगाडे लावणारा एक भैया आपली डोंगी, छोटी नावच ती, घेऊन आमच्या बाजूबाजूने यायचा, कुणी दमलं तर धरायला. अशी दोन-तीन वर्षं गेली. आम्ही मोठ्या वहिनींना काठावरच्याच समजून चाललो होतो.

मग साहेबांची निवृत्ती आली. जयपूरचं बिऱ्हाड हलवायचं, नागपूरला दिरा-जावांच्या एकत्र घरात राहायला जायचं, आणि तेही पोळ्याच्या आत, कारण पुढे घरच्या महालक्ष्म्या होत्या आणि त्या या थोरल्या सुनेशिवाय बसायच्या नाहीत. हे सगळं ठरलं चैत्रात. त्याच आठवड्यात दुपारच्या उन्हात वहिनी एकट्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. पाणी दिलं ते एका दमात प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला पलीकडे जायचं आहे."

मला आधी कळेचना कुठे. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिकडे त्या पायऱ्यांवर बसून हसता, ते मला इकडे ऐकू येतं. काय बोलता ते ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली, मी गाठोडी राखून राहिली. नागपूरला गेली की माझं सगळं संपलं. तिथे आंघोळीची बादली सोडून दुसरं पाणी नाही. एकदा मला तिथे बसायचं आहे, आणि नावेत बसून नाही जायचं."

खरं सांगते, मी नाही म्हटलं. वय, देह, जिना चढताना लागणारा दम, सगळं तोंडावर सांगितलं. काही बरंवाईट झालं असतं तर ह्यांच्या नोकरीची धडगत नव्हती आणि माझ्या टोळीतल्या एकीलाही घरून पुन्हा सोडलं नसतं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या बँकवाल्याच्या बायकोला तू शिकवलं, ती माठात तोंड बघून घाबरायची. मी काहून नाही शिकू शकत, सांग बरं." मास्तरणीच्या अहंकाराला त्यांनी बरोबर हात घातला होता. साहेबांना कळू द्यायचं नाही, एवढी अट त्यांनी घातली आणि मी कबूल केली.

वैशाखापासून विहिरीवर सुरुवात झाली. एरवी मी पाठीवर एक भोपळा बांधते, त्यांना दोन बांधले. पहिल्या दिवशी पायरीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि "बाप्पा, किती गार" म्हणत बसून राहिल्या, तेवढ्यावरच सूर्य वर आला. पण बाई जिद्दीची. घरी पाटावर पालथं पडून हातपाय मारायच्या, मोलकरणीला सांगितलं की कंबरेचं औषध आहे. ज्येष्ठात भोपळ्यावर तरंगायला लागल्या. आषाढात हातपाय एका लयीत आले. मी त्यांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली, दम लागला की उताणं व्हायचं, आभाळाकडे बघायचं आणि काही करायचं नाही. एवढी वर्षं घर चालवलेल्या बाईला काही न करणं शिकवायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

दसऱ्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं, पण सागर भरायला आणि गढूळ पाणी थोडंफार खाली बसायलाही श्रावणाचा उत्तरार्ध उजाडणार होता. त्यात दिवस शोधायचा म्हणजे डोकेदुखी. सोमवारी उपास, मंगळवारी कुणाची तरी मंगळागौर, शुक्रवारी सवाष्ण, शनिवारी पुन्हा उपास, आणि रविवारी साहेब घरी, त्यात आता निरोपाला येणाऱ्यांची रांग. पंचांग उघडून आम्ही श्रावण वद्य षष्ठी धरली. साहेब तेव्हा शेवटच्या दौऱ्यावर अजमेरला असणार होते, आणि वहिनींची गाडी त्यानंतर दोनच दिवसांनी होती. म्हणजे हुकला तर दुसरा दिवस नाही. आषाढाच्या सुरुवातीलाच मी डोंगीवाल्या भैयाकडे गेले. एरवी आम्ही त्याला नुसतं "इतवार को" सांगायचो. या वेळी त्याच्याच भाषेत नीट सांगितलं, "सावन बदी छठ को आना, भैया, चूकना मत." तो म्हणाला, "बेफिकर रहो, बाई-सा."

तो दिवस आला. आम्ही सहा-सात जणी सागरावर पोचलो, आणि डोंगीचा पत्ता नाही. मी तरातरा त्याच्या झोपडीवर गेले. दारातच त्याच्या बायकोने मला फैलावर घेतलं. महिन्यापूर्वी सावन बदी छठेला तिचा नवरा दिवसभर पावसात डोंगी घेऊन बसून राहिला होता, म्हणाली, आणि आमच्यापैकी एक काळं कुत्रंही फिरकलं नाही. आता तो डोंगी घेऊन दुसऱ्या तळ्यावर शिंगाड्याच्या कामाला गेला होता. मी तिला म्हटलं, "आज है ना सावन बदी छठ." ती माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत म्हणाली, "आज तो भादों बदी छठ है."

मी कपाळावर हात मारला. आपला महिना अमावास्येला संपतो आणि यांचा पौर्णिमेला. आपण ज्याला श्रावणाचा वद्य पंधरवडा म्हणतो तो यांच्या लेखी भाद्रपदाचा, आणि यांचा सावन बदी म्हणजे आपला आषाढ वद्य. इतकी वर्षं जयपुरात काढून, इथल्या बायकांचे सावनचे सोमवार आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होताना बघूनही हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. तरी परत येताना मी त्यालाच शिव्या घालत होते, कारण कुणाला तरी घालायच्या होत्या.

काठावर येऊन मी सांगितलं की नाव नाही, आज रद्द. सगळ्या वहिनींकडे बघायला लागल्या. त्या नऊवारी नेसून, कासोटा मारून, पाठीवर दोन्ही भोपळे बांधून तयार उभ्या होत्या. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "नाव मला न्यायला येणार होती का? मी पोहून जाऊन राहिली." मी आवाज चढवला. त्यांनी माझ्यावर चढवला. त्यांचा मोठा होता. शेवटी मी म्हटलं, "माझ्या हाताच्या अंतरावर राहायचं, मी उताणं व्हा म्हटलं की व्हायचं, आणि शिंगाड्याच्या वेलींच्या बाजूला जायचं नाही." त्यांनी मान हलवली. टोळीतल्या दोन चांगल्या पोहणाऱ्या बायका डावीकडे ठेवल्या, मी उजवीकडे, आणि आम्ही निघालो.

पहिला टप्पा बरा गेला. मध्यावर पाणी काळं आणि गार लागलं, तिथे त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. मालवणच्या समुद्रात वादळात सापडले होते तेव्हासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते. "उताणं," मी म्हटलं. त्या लगेच उताण्या झाल्या. डोळे मिटले नाहीत, आभाळाकडे बघत राहिल्या, पोट वरखाली होत होतं. मी हाताने भोपळ्याची दोरी चाचपली, घट्ट होती. "परत फिरायचं का?" मी विचारलं. "काठ कोणता जवळ आहे?" "दोन्ही सारखेच." "मग पुढे," म्हणाल्या आणि पालथ्या झाल्या.

पायरीला त्यांचा हात लागला. त्या पायऱ्यांवर बसून राहिल्या, पाणी निथळत होतं. चेहरा लालबुंद. हळूहळू केस पिळले. मग त्यांनी विचारलं, "आता सांगा. इथे बसून काय बोलता तुम्ही?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी म्हटलं, "बहुतेक तुमच्याबद्दलच." "काय?" "तुम्ही माकडांवर छत्री कशी उगारता ते. आणि तुम्ही हळू बोललात तरी इथवर कसं ऐकू येतं ते." वहिनी हसायला लागल्या, आणि त्यांचं ते हसू टेकडीवर आपटून परत येत होतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगायची सोय नाही. आणि माझाही वाटला, तो कशाला लपवू.

आता परत जायचं होतं. नाव नव्हती म्हणून मी ठरवलं की वहिनींना काठाकाठाने चालत न्यायचं, वेळ लागला तर लागला. आम्ही उठतो न उठतो तोच समोरच्या काठावर जीप दिसली. जीपमधून साहेब उतरले. दौरा लवकर आटपला होता, आणि कंबरेच्या औषधाला कधीच न भुललेल्या मोलकरणीने साहेबांनी विचारल्याबरोबर सगळं ओकलं होतं. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता, पण उभं राहण्याची ती ताठ पद्धत ऑफिसातल्या प्रत्येकाच्या घरी माहीत होती. मी म्हटलं, "वहिनी, चला, झाडीतून वाट आहे."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "चालत गेली तर म्हणतील, बुडता बुडता कशीबशी कुठे तरी लागली." मग पाठीवरचे भोपळे हाताने चाचपून माझ्याकडे पाठ केली. "गाठ बघ बरं."

मी गाठ बघितली. आणखी एक मारली. त्या क्षणी त्यांना अडवण्याची माझी काय बिशाद होती. भरपूर दम खाऊ दिला, आणि मग आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. या वेळी मध्यावर मी सांगायच्या आधीच त्या उताण्या झाल्या, मनसोक्त पडून राहिल्या, आणि आपल्या मनाने पालथ्या होऊन निघाल्या. समोर काठ मोठा मोठा होत होता. साहेब पाण्याच्या अगदी कडेला आले, मग पाण्यात आले, बूट-मोज्यांसकट, पार गुडघ्यापर्यंत.

वहिनींचे पाय तळाला लागले तसा साहेबांनी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. लुगडं सावरत, भोपळे सांभाळत, आपल्या आपण उभ्या राहिल्या. पाणी दोघांच्याही गुडघ्यांशी होतं. मी जरा मागे थांबले, पण सगळं ऐकू येत होतं.

"कधीपासून चाललं हे?" साहेबांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, कापत होता.

"वैशाखापासून."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

साहेबांनी एकदा पलीकडच्या काठाकडे बघितलं, मग ओल्याचिंब बायकोकडे.

"हो," ते म्हणाले, "म्हटलंच असतं."